टपालाच्या तिकिटाएवढी स्मृति

इतिहासाचें अर्धें काम लिहिण्याचें असतें व अर्धें जपण्याचें. लिहिणारांचीं नांवें ग्रंथांवर झळकतात. जपणारांचीं नांवें कोणास ठाऊक नसतात. बाडें बांधून ठेवणारा कारकून, रुमालाची सुटलेली गांठ पुन्हां घट्ट करणारी घरची म्हातारी, कसर लागूं नये म्हणून दप्तरांत कडुनिंबाचा पाला घालणारा कुळकर्णी, यांचे उपकार इतिहासानें कधीं मोजले नाहींत. छायाचित्रकलेचा इतिहास लिहितांनाहि हाच पक्षपात घडत आला आहे. भिंग, कॅमेऱ्याची पेटी, छायाचित्रकाराची दृष्टि ह्यांविषयीं विपुल लिहिलें गेलें. परंतु घेतलेलें चित्र राहतें कोठें, टिकतें किती दिवस व तें कोणाच्या भरंवशावर टिकतें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. गेल्या पन्नास वर्षांत ह्या प्रश्नाचें उत्तर समूळ बदललें, आणि तें बदलण्यास खिशांत मावणारा लहान डिजिटल कॅमेरा व त्याच्या पोटांतील टपालाच्या तिकिटाएवढें मेमरी कार्ड हीं दोन कारण झालीं. त्या बदलाची हकीकत सांगावी, व आपल्या घरांनीं तिच्यापासून काय बोध घ्यावा हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या कलेच्या आरंभीं चित्र टिपणारी वस्तु आणि चित्र जपणारी वस्तु एकच होती. इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेरची जी कृति जाहीर झाली, तींत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच चित्र उमटे, व तोच पत्रा कांचेखालीं बसवून दिवाणखान्यांत ठेवीत. पुढें कांचेची ओली पाटी आली. पाटीवर द्रव ओतावयाचा, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें, व ती वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत शिरून तें धुवावयाचें, असा तो सारा खटाटोप असे. मुंबईस ही विद्या फार लवकर आली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढील वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विद्येचा वर्ग सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांनीं ह्या कलेंत नांव मिळविलें. इतके कष्ट करून मिळविलेली पाटी जपून ठेवावी, ही आठवण त्या मंडळींस कोणी करून देण्याची गरज नव्हती.

१८८८ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या जॉर्ज ईस्टमननें हा सगळा खटाटोप गृहस्थाच्या डोक्यावरून उतरविला. त्याच्या ‘कोडॅक’ कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती, व तो १०० चित्रांची फिल्म आंत भरूनच विकला जाई. शंभर चित्रें घेऊन झालीं कीं कॅमेरा जसाच्या तसा कारखान्याकडे पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रें छापून देई व नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. गृहस्थाच्या वांट्यास कळ दाबण्याएवढेंच काम उरलें. पुढें कॅमेरा पाठविण्याची पद्धति जाऊन केवळ रोल पाठविण्याची पद्धति आली, तरी श्रमविभाग तोच राहिला. आपल्याकडेहि गल्लींतील स्टुडिओवाल्याकडे रोल टाकला कीं आठ दिवसांनीं एक पाकीट मिळे. त्यांत कागदावर छापलेलीं चित्रें असत व निगेटिव्हच्या पट्ट्या असत. पाकीट कपाटांत टाकलें आणि पन्नास वर्षें विसरलें, तरी बहुधा आंतील चित्र शाबूत सांपडे. रोलवर छत्तीस चित्रें मावत. त्यांतच गणपति, मुंज, बारसें व काशीयात्रा बसवावी लागे. त्यामुळें प्रत्येक चित्र घेण्यापूर्वीं चार वेळां विचार होई, हा आणखी एक फायदा.

आतां नव्या युगाचा आरंभ पाहूं. न्यू जर्सी संस्थानांतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यांत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं फळ्यासमोर उभें राहून, तासाभराच्या आंत, एका नव्या उपकरणाची कल्पना मांडली. सिलिकॉनच्या पापुद्र्यावर विजेचे लहान लहान सांठे करावयाचे, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या हातीं घागर द्यावी तसे ते एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकवीत न्यावयाचे, अशी ती योजना होती. तिचा मूळ हेतु चित्रें घेण्याचा नव्हता. गणकयंत्रासाठीं स्मरणाचें एक नवें साधन त्यांस हवें होतें. परंतु सिलिकॉनवर प्रकाश पडला कीं तेथें विद्युत्कण सुटे होतात, हा धर्म सर्वश्रुत असल्यामुळें हेंच साधन उत्तम डोळा होऊं शकेल हें लौकरच ध्यानांत आलें. २००९ सालीं ह्या दोघांस पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला तो ह्या डोळ्याबद्दल. स्मृति व्हावयास निघालेली वस्तु दृष्टि होऊन बसली, आणि नव्या दृष्टीस स्मृति कोणती द्यावी हा प्रश्न पुढील वीस वर्षें शास्त्रज्ञांस छळीत राहिला.

ईस्टमनच्याच कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनियरानें १९७५ च्या डिसेंबरांत ह्या डोळ्याचा उपयोग करून पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन सुमारें ८ पौंड होतें, त्यास सोळा बॅटऱ्या लागत, व त्याचें चित्र शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचें असे. स्मृतीसाठीं त्यानें गाण्याच्या कॅसेटची फीत वापरली. एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. एका फितीवर तीस चित्रें ठेवावयाचीं असें त्यानें ठरविलें होतें, व ही संख्या चोवीस आणि छत्तीस ह्या रोलांच्या रूढ मापांमधली म्हणून निवडली होती. नव्या वस्तूनें जुन्या संवयीस फार धक्का देऊं नये ही त्यांतील दूरदृष्टि. पहिलें चित्र प्रयोगशाळेंतील एका तरुण मदतनीस बाईचें घेतलें. पडद्यावर तिचे काळे केस दिसले, मागची पांढरी पार्श्वभूमि दिसली, परंतु चेहऱ्याच्या जागीं नुसता गोंधळ होता. तारांची अदलाबदल केल्यावर चेहरा प्रकट झाला. कंपनीच्या अधिकाऱ्यांस ह्या खेळण्याचें फारसें कौतुक वाटलें नाहीं. ज्यांचें पोट फिल्मवर भरतें त्यांनीं फिल्मचा काळ घरांत वाढवावा, ही अपेक्षाहि अंमळ जास्तच होय. त्याच कंपनीनें २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला.

१९८१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें ‘माव्हिका’ नांवाचा नमुना दाखविला. त्यांत दोन इंच मापाच्या चुंबकीय तबकडीवर पन्नास चित्रें राहत. परंतु तीं टेलिव्हिजनच्या चित्रासारखीं असत, आंकड्यांत मांडलेलीं नसत. १९८८ सालीं फुजी कंपनीनें ‘डीएस-१पी’ हा कॅमेरा जाहीर केला, आणि त्यांत प्रथमच बाहेर काढतां येणारें स्मरणाचें कार्ड आलें. कार्डांत २ मेगाबाइट जागा होती, व तींत पांचदहा चित्रें मावत. मात्र ह्या कार्डाची स्मृति विजेच्या अखंड पुरवठ्यावर जगत असे, म्हणून कार्डाच्या पोटांतच एक लहान बॅटरी ठेवावी लागे. बॅटरी संपली कीं चित्रेंहि संपलीं. हा कॅमेरा बाजारांत आला नाहीं. विजेवांचून जगणारी, धक्के सोसणारी, पुन्हां पुन्हां पुसतां येणारी व स्वस्त अशी स्मृति हवी होती.

ती स्मृति फुजिओ मासुओका ह्या जपानी इंजिनियरानें दिली. तत्पूर्वींची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. १९६७ सालीं बेल प्रयोगशाळेंतील डॉन कांग व सायमन झी यांनीं असें दाखविलें होतें कीं, सिलिकॉनवर चोहोंकडून विद्युद्रोधक थरानें वेढलेला एक कण्यासारखा तुकडा ठेविला, व जोराचा दाब देऊन त्यांत विद्युत्कण घातले, तर दाब काढल्यावरहि ते तेथेंच राहतात. तोंड नसलेला एक रांजण कल्पावा. त्यांत पाणी भरावयाचें तें भिंतींतूनच जोरानें आंत दाटावयाचें, व काढावयाचें तेंहि भिंतींतूनच ओढून. भरलेला रांजण म्हणजे एक अक्षर, रिकामा म्हणजे दुसरें. १९७१ मध्यें इंटेल कंपनींतील डोव्ह फ्रोमन यांनीं ह्या तत्त्वावर स्मरणयंत्र केलें. परंतु तें पुसावयाचें म्हणजे यंत्रांतून बाहेर काढून कित्येक मिनिटें अतिनील किरणांखालीं ठेवावें लागे. तोशीबा कंपनींत काम करणाऱ्या मासुओका यांनीं एकेक रांजण निराळा रिकामा करण्याचा हट्ट सोडून दिला, आणि अनेक रांजण एकाच झटक्यांत विजेनेंच रिते करण्याची युक्ति काढली. १९८४ सालीं त्यांनीं ती विद्वानांपुढें मांडली, व १९८७ सालीं तिची अधिक दाट आणि स्वस्त अशी ‘नॅंड’ जातीची रचना प्रसिद्ध केली. हें झटक्यासरशीं पुसणें पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांस कॅमेऱ्याच्या दिव्याच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि त्यांनीं ह्या स्मृतीस ‘फ्लॅश’ हें नांव सुचविलें. कॅमेऱ्यावरून नांव मिळालेली ही स्मृति पुढें कॅमेऱ्याच्याच पोटांत जाऊन राहिली.

मासुओका १९९४ सालीं कंपनी सोडून तोहोकु विद्यापीठांत प्राध्यापक झाले. आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाहीं म्हणून २००४ सालीं त्यांनीं आपल्या जुन्या धन्यावर दावा लावला, व २००६ सालीं ८ कोटि ७० लक्ष येनांवर तडजोड झाली. जगाच्या खिशांखिशांतून जी वस्तु आज वावरते, तिच्या कर्त्याचें नांव शंभर सुशिक्षितांत एखाद्यास तरी ठाऊक असेल कीं नाहीं ह्याची शंकाच आहे.

पण स्वस्त रांजण मिळाले तरी चित्रांचें पाणी फार होतें. तें आटविण्याची विद्या एका भारतीयाच्या बुद्धींतून निघाली आहे. बंगलोर येथें १९४० सालीं जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस स्टेट विद्यापीठांत अध्यापक असतां, चित्राचे आंकडे निराळ्या रूपांत मांडले तर त्यांतील डोळ्यास न जाणवणारा भाग सहज गाळतां येईल, असें त्यांच्या मनांत आलें. १९७२ सालीं त्यांनीं ह्या संशोधनासाठीं सरकारी संस्थेकडे द्रव्यसाहाय्य मागितलें. तें नाकारण्यांत आलें. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. अहमद यांनीं काम सोडलें नाहीं. टी. नटराजन व के. आर. राव ह्या दोघां सहकाऱ्यांसह त्यांनीं १९७४ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, व १९९२ सालीं ठरलेली ‘जेपेग’ ही चित्रें आटविण्याची सर्वमान्य पद्धति त्याच गणितावर उभी राहिली. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करून प्रत्येकावर हें गणित चालवितात. आज घरोघरीं जीं चित्रें सांठविलीं आहेत, त्यांतील बहुतेक ह्याच मुशींतून निघालेलीं असतात.

१९९५ सालीं कॅसिओ कंपनीचा ‘क्यूव्ही-१०’ कॅमेरा बाजारांत आला. त्याच्या पाठीवर १.८ इंचाचा लहानसा पडदा होता, व घेतलेलें चित्र त्यावर तत्क्षणीं दिसे. चित्र कसें आलें हें कळण्यासाठीं आठ दिवस वाट पाहण्याचा काळ तेथें संपला. त्या कॅमेऱ्याची २ मेगाबाइट स्मृति पोटांतच बसविलेली होती, व तींत ९६ लहान चित्रें राहत. बाहेर काढतां येणाऱ्या कार्डांची मात्र ह्याच सुमारास झुंबड उडाली. १९९४ सालीं सॅनडिस्क कंपनीनें ‘कॉम्पॅक्टफ्लॅश’ काढलें. ह्या कंपनीच्या तिघां संस्थापकांपैकीं एक, संजय मेहरोत्रा, हे कानपूरचे. तोशीबानें ‘स्मार्टमीडिया’ काढलें, सोनीनें १९९८ सालीं ‘मेमरी स्टिक’, आणि ऑलिंपस व फुजी यांनीं २००२ सालीं ‘एक्सडी’. पूर्वीं आपल्याकडे संस्थानागणिक नाणें वेगळें असे, व एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं चालवावयाचा तर सराफ बट्टा कापून घेई. तशीच ही स्थिति होती. एका घराण्याचा कॅमेरा गेला कीं त्याचीं कार्डेंहि निरुपयोगी होत.

ह्या धांदलींत १९९९ च्या ऑगस्टमध्यें सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशीबा ह्या तीन कंपन्यांनीं मिळून ‘एसडी’ कार्ड जाहीर केलें, आणि तेंच अखेर सार्वभौम झालें. त्याची लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ व जाडी २.१ मिलिमीटर. नांवाचा अर्थ ‘सुरक्षित डिजिटल’ असा. परंतु ह्या सुरक्षिततेचा रोख संगीताची चोरटी नक्कल होऊं नये ह्यावर होता, आपलीं चित्रें सुरक्षित राहावींत ह्यावर नव्हता. तीच गोष्ट कार्डाच्या डाव्या कडेवरील सरकत्या खिटीची. खिटी खालीं ओढली कीं कार्ड बंद झालें अशी समजूत असते. वस्तुतः तिचा कार्डाच्या अंतरंगाशीं कांहींएक संबंध नाहीं. कॅमेऱ्यानें ती पाहावी व तिचा मान ठेवावा, एवढाच संकेत आहे. दारास कुलूप नसून उंबऱ्यावर रांगोळी आहे. सज्जन पाहुणा ती ओलांडीत नाहीं, इतकेंच.

असो. लहान कॅमेरा व हें कार्ड यांची जोडी जमली आणि गृहस्थाश्रमांत तिचा प्रवेश झाला. भिंग पोटांत ओढून घेणारा, विड्याच्या पुडक्याएवढा हा कॅमेरा चालविणें मुलासहि साधे. कळ अर्धी दाबून क्षणभर थांबावें, म्हणजे कॅमेरा अंतर व प्रकाश यांचा हिशेब करतो. मग ती पूर्ण दाबावी. पुष्कळांचीं चित्रें हलतात तीं एका झटक्यांत कळ दाबल्यामुळें. परंतु कळ दाबण्याची ही सोय पाहतां पाहतां एक फार मोठा फेरबदल कोणाच्या लक्षांत आला नाहीं. ईस्टमननें जपण्याचें काम गृहस्थाकडून काढून घेतलें होतें. कार्डानें तें पुन्हां गृहस्थाच्या गळ्यांत घातलें. स्टुडिओवाला गेला, पाकीट गेलें, निगेटिव्हची पट्टी गेली. चित्रें धुणें, निवडणें, त्यांची नक्कल करणें, तीं जागेवर लावणें हें सारें आतां घरच्या माणसानें करावयाचें होतें, आणि हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें.

म्हणून कार्डाचा अंतर्गत कारभार थोडासा समजून घेणें इष्ट आहे. कार्डावर एक खातेवही असते. तिची पद्धति १९७७ सालीं संगणकांच्या तबकड्यांसाठीं रचलेल्या पद्धतीची वंशज आहे. कोणतें चित्र कोणत्या घरांत ठेविलें ह्याची नोंद त्या वहींत होते. आपण चित्र पुसतों तेव्हां वहींतील नांवावर खूण करून ती घरें मोकळीं असल्याचें लिहिलें जातें. चित्र बहुधा होतें तेथेंच असतें. सातबाऱ्यावरील नांव खोडलें म्हणून शेत नाहींसें होत नाहीं. दुसरा कोणी येऊन नांगर घालीपर्यंत तें तसेंच राहतें. यावरून पहिला नियम निघतो तो हा, कीं चुकून चित्रें पुसलीं गेलीं तर त्या कार्डावर पुढें एकहि चित्र घेऊं नये. तें काढून बाजूस ठेवावें व जाणत्याच्या हातीं द्यावें. दुसरा नियम असा, कीं कॅमेऱ्याचा लहान दिवा लुकलुकत असतांना कार्ड काढूं नये. त्या वेळीं वहींत नोंद चाललेली असते. अर्धवट नोंदीमुळें एक चित्र जातें असें नाहीं, कित्येकदां सबंध कार्ड वाचेनासें होतें. तिसरा नियम, नवें कार्ड किंवा चित्रें अन्यत्र उतरवून घेतलेलें जुनें कार्ड वापरण्यापूर्वीं त्याच कॅमेऱ्यांत नव्यानें आंखून घ्यावें. चवथा नियम चित्रांच्या नांवांविषयीं आहे. १९९८ सालच्या जपानी संकेतानुसार चित्रांस ०००१ पासून ९९९९ पर्यंत क्रमांक मिळतात व पुन्हां आरंभापासून सुरुवात होते. त्यामुळें दोन निरनिराळ्या वर्षींच्या चित्रांस एकच नांव येऊं शकतें, आणि एकाच ठिकाणीं उतरवितांना नवें जुन्यावर बसून जुनें नाहींसें होतें. प्रत्येक प्रसंगासाठीं वर्षाचें व प्रसंगाचें नांव घालून निराळें खण करावें, म्हणजे ही आपत्ति टळते.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट तिथीची आहे. मोडी पत्रांत चंद्र आणि रोज असतात, पण साल नसतें. मग जंत्री पुढें घेऊन पंडितांचे वाद होतात. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटांत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद लिहून ठेवतो. इतकी तत्पर नोंद कोणत्याहि चिटणिसानें केली नसेल. परंतु ही नोंद कॅमेऱ्याच्या घड्याळाएवढीच खरी. बॅटरी फार दिवस काढून ठेविली कीं पुष्कळ कॅमेरे स्वतःचें घड्याळ विसरतात, व मालकानें तें लावलें नाहीं तर आषाढांतील वारीचें चित्र १ जानेवारीचें म्हणून नोंदलें जातें. इराकमधील अबू घ्रैबच्या तुरुंगांत २००३ च्या अखेरीस अमेरिकन शिपायांनीं कैद्यांची विटंबना केली, व तिचीं चित्रें आपल्याच डिजिटल कॅमेऱ्यांनीं काढलीं. २००४ सालीं तीं जगापुढें आलीं, तेव्हां तपास करणारांनीं निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या घड्याळांतील फरक शोधून, त्यांचा मेळ घालून घटनांचा क्रम लावला. चित्राच्या पोटांतील तिथि न्यायाच्या कामीं आली, पण तिची शहानिशा केल्यावरच आली. अस्सल कागदाची परीक्षा करण्याची आपली जुनी शिस्त नव्या काळांत निरुपयोगी झाली नाहीं, हें यावरून दिसेल.

कार्डाच्या चिवटपणाचेंहि एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं हिंदी महासागरांत त्सुनामी उसळली. थायलंडमधील खाओ लाकच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठीं आलेलें एक कॅनेडियन दांपत्य तींत बुडालें. कांहीं आठवड्यांनीं मदतकार्यास गेलेल्या एका अमेरिकन गृहस्थास किनाऱ्यावर त्यांचा कॅमेरा सांपडला. कॅमेरा फुटून निकामी झाला होता. आंतील कार्ड मात्र शाबूत होतें. त्यांत क्षितिजावर उठलेली पांढरी रेघ, मग जवळ येणारी लाट, मग किनाऱ्यावर कोसळणारी भिंत, अशीं चित्रें ओळीनें निघालीं, व आरंभीं त्या दोघांचीं आनंदाचीं चित्रें होतीं. त्या गृहस्थानें शोध घेऊन तीं त्यांच्या मुलांच्या हातीं नेऊन दिलीं. समुद्रानें माणसें नेलीं, यंत्र मोडलें, आणि टपालाच्या तिकिटाएवढा एक तुकडा साक्षीस उरला.

हें ऐकून कार्ड अमर आहे असें मात्र कोणी समजूं नये. पाणी व धक्के तें सोसतें. काळ सोसत नाहीं. वर ज्या रांजणांचें वर्णन केलें ते उन्हाळ्यांतील माठांप्रमाणें पाझरणारे आहेत. विद्युत्कण भिंतींतून हळूहळू निसटत असतात, व उष्णतेनें ही गळती वाढते. न वापरतां ठेवलेल्या कार्डाच्या स्मृतीची मुदत सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास गृहीत धरली जाते. शिवाय प्रत्येक वेळीं भरतांना व रितें करतांना भिंत थोडी झिजते, त्यामुळें फार राबविलेलें कार्ड अगोदर दगा देतें. येथें जुन्या साधनांशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, व पुढें एकंदर बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांस हे कागद मिळाले ते वाड्यांच्या माळ्यांवर, सांदीकोपऱ्यांत, कित्येकदां मालकासहि विस्मृत झालेल्या गाठोड्यांत. कागद उपेक्षेंत शे-दीडशें वर्षें तग धरून राहिला, म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहितां आला. कार्ड उपेक्षेंत तग धरणार नाहीं. उद्यांचा एखादा राजवाडे माळ्यावर चढेल, त्याच्या हातीं एक काळी पातळ चकती लागेल, आणि तींत कदाचित् एक अक्षरहि नसेल.

उलट पक्षीं एक अनुपम सामर्थ्य ह्या नव्या साधनांत आहे, व तें जुन्या कागदास कधींच नव्हतें. बखरीची नक्कल करणारा लेखक ओळ गाळी, नांव बदली, पदरचें घाली. म्हणून दहा प्रती ताडून पाठ ठरवावा लागतो. डिजिटल चित्राची प्रत मूळाशीं अंशमात्रहि भिन्न नसते. हजारावी प्रतहि पहिलीइतकीच अस्सल. कागदास एकांतवास मानवतो. ह्या चित्रांस संतति हवी. जेथें प्रती अनेक आहेत, निरनिराळ्या जागीं आहेत, व चारदोन वर्षांनीं नव्या साधनावर उतरविल्या जात आहेत, तेथें चित्रास मरण नाहीं. जेथें ती एकच आहे, तेथें तें आजारीच समजावें.

कॅमेऱ्यांच्या धंद्याचा उदयास्तहि विलक्षण झाला. जपानी उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं जगांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले, व त्यांतील १० कोटींहून अधिक ह्या लहान जातीचे होते. मग मोबाइल फोनानें कॅमेरा गिळला, आणि २०२३ सालीं सर्व जातींचे मिळून ७७ लक्षांच्या सुमारास कॅमेरे निघाले. अलीकडे कांहीं तरुण मंडळी हौसेनें जुने लहान कॅमेरे शोधून वापरूं लागलीं आहेत, ही गोष्ट निराळी. परंतु २००० ते २०१२ ह्या काळांत जीं मुलें जन्मलीं, ज्यांचीं बारशीं व शाळेचे पहिले दिवस ह्या कॅमेऱ्यांनीं टिपले, त्यांची चित्रें अजून कोठें तरी कपाटांत, प्लॅस्टिकच्या डबींत, बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या पोटांत आहेत. तीं कार्डें आतां दहा वर्षांची मुदत ओलांडून गेलीं आहेत. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डांत चार मेगाबाइटचीं आठ हजार चित्रें मावतात, म्हणजे छत्तीस चित्रांचे सव्वादोनशें रोल; एक चकती गेली कीं एका कुटुंबाचें अर्धें आयुष्य जाऊं शकतें.

म्हणून सुज्ञ कुटुंबांस एवढीच विनंति, कीं एखाद्या रविवारीं सर्वांनीं मिळून हीं कार्डें शोधून काढावींत. काळजीपूर्वक वाचून त्यांच्या दोन प्रती कराव्यात, व त्यांतील एक घराबाहेर, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आजीचें कोणतें, मावशीचें कोणतें, गांव कोणतें, हें जाणणारीं माणसें आहेत तोंपर्यंत विचारून लिहून घ्यावें. कॅमेरा सेकंद नोंदवितो, पण आत्याचें नांव नोंदवीत नाहीं. आठ हजारांतून निवडक शंभर चित्रें कागदावर छापून घ्यावींत, म्हणजे माळ्याचा आधार त्यांस मिळेल. रुमालाची गांठ घट्ट करणाऱ्या त्या अनाम म्हातारीचें काम आतां आपल्या प्रत्येकाकडे आलें आहे, आणि तें करावयास फार वर्षें हातीं उरलेलीं नाहींत.